लक्झरी वर्ल्ड टूरचं स्वप्न बघताय? मग रूट आणि महिन्यांसकट बघा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या बडोद्यात सगळीकडे युरोप, दुबई, सिंगापूरच्या पॅकेजेसच्या जाहिराती दिसायला लागतात, पण आज मी त्याबद्दल नाही सांगत, मला सांगायचंय पूर्ण जगाला एक चक्कर कशी मारायची, आणि ती पण थाटात. ज्यांच्या मनात हे आहे त्यांनी ते कधीतरी वर न ढकलता आजच एक वही घेऊन रूट मांडायला घ्या, कारण रूट मांडला की खर्च, व्हिसा, कपडे सगळं आपोआप दिसायला लागतं.

आधी दिशा ठरवा. माझं मत पक्कं आहे, पश्चिमेकडे जा. त्या बाजूला जाताना दिवस लांबतो आणि शरीराला लवकर झोपण्यापेक्षा उशिरा झोपणं सोपं जातं, त्यामुळे जेट लॅग कमी. मग सीझन. नवरात्र सोडून बडोद्याचा माणूस कुठे जाणार, म्हणून दसऱ्यानंतर निघा: ऑक्टोबरच्या शेवटी इटली आणि पॅरिस, नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्क म्हणजे सेंट्रल पार्कची पानं रंगलेली मिळतात, मग सॅन फ्रान्सिस्कोवरून जपान, कारण क्योटोचे लाल मेपल नोव्हेंबरच्या शेवटी भरात असतात, डिसेंबरमध्ये न्यूझीलंड, तिथे तेव्हा उन्हाळा, ३१ डिसेंबरला सिडनी हार्बरची आतषबाजी आणि सिंगापूरवरून घरी. याहून जास्त देश कोंबू नका प्लीज, रोज बॅग भरण्यात काही थाट नाही.

तिकिटं सुटी सुटी काढायच्या आधी राउंड द वर्ल्ड तिकीट, म्हणजे सगळ्या जगाच्या चकरीचं एकच तिकीट, नक्की बघा. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड हे एअरलाइन्सचे दोन गट ती देतात: स्टार अलायन्सच्या तिकिटाचा भाव किती मैल जाताय त्यावर असतो (एअर इंडिया २०१४ पासून त्या गटात आहे), वनवर्ल्डच्या एक्सप्लोरर तिकिटाचा किती खंड करताय त्यावर. ढोबळ नियम असे की एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, जास्तीत जास्त १६ फ्लाइट्स, मुदत एक वर्ष, आणि सुरुवात-शेवट एकाच देशात, शहर वेगळं चालतं, म्हणजे मुंबईहून निघून अहमदाबादला उतरता येईल असा रूट बसतोय का तेही विचारा. हे तिकीट बिझनेस क्लासमध्येही मिळतं आणि मी म्हणेन की पैसे असतील तर पहिले इथेच घाला.

लक्झरीचा माझा हिशोब साधा आहे, जिथे तुम्ही आत बसणार तिथे खर्च करा, जिथे दिवसभर बाहेर फिरणार तिथे नको. रात्रीच्या दहा-अकरा तासांच्या फ्लाइटमध्ये आडवं होऊन झोपायला मिळणं ही खरी चैन. न्यूयॉर्कमध्ये सकाळी बाहेर पडून रात्रीच परत येणार तर तिथे चांगल्या एरियातलं स्वच्छ साधं हॉटेल पुरतं. उलट जपानमधल्या र्‍योकानमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक सरायीत, खोली, गरम पाण्याचं कुंड, रात्रीचं अनेक पदार्थांचं जेवण हाच अनुभव असतो, तिथे दोन रात्री दिलदारपणे द्या, भाव बहुतेक माणशी असतो आणि जेवण धरून असतो. व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस या आलिशान ट्रेनचंही तसंच, व्हेनिस ते पॅरिस एक रात्र, शंभर वर्षांपूर्वीच्या जमान्यातले डबे, पण जुन्या केबिन्समध्ये शॉवर नाही हे बुक करताना माहीत असू द्या. आणि समुद्र आवडत असेल तर क्वीन मेरी २ या जहाजाने साउथम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्री, पश्चिमेकडे जाताना बऱ्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं म्हणजे चक्क २५ तासांचे दिवस मिळतात, फक्त त्यासाठी यूकेचा वेगळा व्हिसा लागेल आणि वरच्या तिकिटाच्या नियमात हे बसतंय का ते एअरलाइनला आधी विचारा. प्रायव्हेट जेटच्या टूर्स पण असतात, माणशी एक लाख डॉलरच्या वर, पण मला त्यात फार घाई वाटते.

अजून एक, सोबत एक विषय घेऊन जा. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले आणि नंतर जिथे गेले तिथलं काही ना काही बघून आले, अमेरिकेतली वाचनालयं बघितली आणि १९१० मध्ये बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना थेट इकडे बोलावलं, आपली मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच कामातली. तुमचा विषय बागा असू दे, कापड असू दे, संगीत असू दे, त्यामुळे प्रत्येक शहरात काय बघायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं सोपं होतं.

व्हिसाची सुरुवात अमेरिकेपासून करा, इंटरव्ह्यू मुंबईला आणि तारखेची वाट बघावी लागते, मिळाला की बहुतेक दहा वर्षांचा. शेंगेनचा, म्हणजे इटली-फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि त्याला ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं. परदेशी खर्चावर टीसीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला तर पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता करता येतो. कार्ड स्वाइप करताना मशीनने रुपयात देऊ का विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच करन्सीत द्या. आणि सॅन फ्रान्सिस्कोवरून टोकियोला जाताना पॅसिफिकमधल्या डेटलाइनमुळे, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेमुळे, एक तारीख गायब होते, हॉटेल त्याप्रमाणे बुक करा.

खाणं. शाकाहारी असाल तर फ्लाइटचं एशियन व्हेज किंवा जैन मील किमान २४ तास आधी सांगा. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, त्यामुळे र्‍योकानला बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहा, किंवा कोयासानच्या मंदिरात राहा, तिथे भिक्षूंचं पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. आणि लीलो चेवडो, थेपले बॅगेत असतील तर न्यूझीलंडच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहाच, लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे, सांगितलं तर ते बघतात आणि चालणारं असेल ते परत देतात.