अन्ननलिकेतील शिरांना बँड लावण्यासाठी जाण्यापूर्वीची तयारी

रक्ताची उलटी थांबली म्हणजे आजार बरा झाला, असे समजून आपल्याकडे अनेक रुग्ण दुसऱ्या वेळी दुर्बिणीला (तोंडातून नळी घालून करायच्या एंडोस्कोपीला) जातच नाहीत. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढल्याने अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. दुर्बिणीतून त्यांवर रबरी बँड बसवतात, पण एका खेपेत सगळ्या शिरा सहसा बुजत नाहीत, म्हणून साधारणपणे दर 2 ते 4 आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्यामुळे सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणी तोंडावर असेल, तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून सोयीची तारीख मागावी आणि शेताच्या कामासाठी ती चुकवू नये.

आधीच्या दुर्बिणीचा अहवाल, सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट व रक्त गोठण्याच्या तपासण्या, रक्तगट, आधार आणि रेशनकार्ड एकाच पिशवीत ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारावे.

औषधांच्या बाबतीत सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. निंदणीने किंवा फवारणीचा पंप वाहून कंबर धरली की गावातल्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणण्याची किंवा सुई टोचून घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा त्रास या दोन्हींचा धोका वाढतो, म्हणून ती पूर्णपणे टाळावीत. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. शिरांतला दाब कमी करणारी प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल आणि मधुमेहाचे इन्सुलिन त्या दिवशी कसे घ्यायचे, हेही आधीच लिहून घ्यावे. रुग्ण रोज दारू पीत असेल तर ते लपवू नये, कारण ती एकदम सुटल्यावर थरथर, भ्रम किंवा झटके येऊ शकतात आणि त्यावरचे उपचार वेळीच सुरू करता येतात.

पोट किमान 6 ते 8 तास रिकामे हवे. पहाटेच्या एसटीने निघालेल्यांनी बसस्थानकावर चहा किंवा पोहे घेऊ नयेत, कारण दुधाचा चहाही पोटातच राहतो आणि गुंगीत उलटी झाली तर तो फुप्फुसात जाऊ शकतो. साधे पाणी कधीपर्यंत चालेल, हे रुग्णालय सांगेल तसे पाळावे. कवळी काढून ठेवावी. सोबत एक जाणता माणूस हवा, कारण गुंगीच्या औषधानंतर 24 तास मोटारसायकल चालवता येत नाही.

परतल्यावर छातीत दुखणे, गिळताना टोचणे हे एक-दोन दिवस राहू शकते. भाकर, ठेचा आणि तर्री काही दिवस बाजूला ठेवून, डॉक्टर द्रव पदार्थांवरून पुढे जायला सांगतील तेव्हा मऊ भात, पातळ वरण, थंड दूध द्यावे. बँड गळून पडताना तिथे व्रण राहतो आणि त्यातून पुन्हा रक्त येण्याची भीती साधारण पहिले दोन आठवडे असते. या काळात रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, चक्कर किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर उजाडण्याची वाट न पाहता 108 ला फोन करावा आणि कागदांची तीच पिशवी गाडीत घ्यावी.