लिथियम-एअर बॅटरीतील डिस्चार्ज उत्पादने: अभ्यासताना या चुका टाळा

लिथियम-एअर बॅटरी वीज देते (डिस्चार्ज होते), तेव्हा लिथियम आणि ऑक्सिजन यांच्यापासून कॅथोडवर, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, लिथियम पेरॉक्साइड तयार व्हावे अशी अपेक्षा असते. डिस्चार्जचा आलेख २.७ व्होल्टच्या आसपास लांबपर्यंत सपाट राहिला, की कॅथोड या पेरॉक्साइडने भरला असे मानणे ही या क्षेत्रातील जुनी आणि फार महागात पडलेली चूक आहे. १९९६ मध्ये अब्राहम आणि जियांग यांनी पाण्याविना चालणारी लिथियम-ऑक्सिजन बॅटरी मांडल्यानंतर कितीतरी वर्षे प्रॉपिलीन कार्बोनेटसारखे द्रावक सर्रास वापरले गेले. २०१०-११ च्या सुमारास कसून तपासणी झाली, तेव्हा कॅथोडवर मुख्यतः लिथियम कार्बोनेट आणि द्रावकाच्या विघटनाचे अवशेष सापडले. म्हणून क्षमतेच्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक ऑक्सिजन रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन खर्च झाले का, हे वायूच्या मापनाने पाहावे आणि पेरॉक्साइड प्रत्यक्षात किती तयार झाले, हे टायट्रेशनने, म्हणजे मोजून घातलेल्या द्रावणाशी अभिक्रिया घडवून, ठरवावे. केवळ एक्स-रे विवर्तन (स्फटिकांची रचना ओळखणारी पद्धत) पुरत नाही, कारण अस्फटिकी, म्हणजे अणूंची नियमित मांडणी नसलेला, थर त्यात दिसतच नाही.

दुसरी चूक कणांच्या आकारावरून घाईने अर्थ लावण्याची. पेरॉक्साइडच्या आधी तयार होणारे लिथियम सुपरऑक्साइड द्रावकात विरघळले, तर पेरॉक्साइडची वाढ द्रावणातून होते आणि मेदूवड्यासारखे मोठे कण, म्हणजे टोरॉइड, दिसतात. सुपरऑक्साइड पृष्ठभागालाच चिकटून राहिले, तर पातळ थर बनतो. पेरॉक्साइड विद्युतरोधक असल्यामुळे हा थर ५ ते १० नॅनोमीटर झाला, की इलेक्ट्रॉनांची वाट अडते आणि छिद्रे रिकामी असतानाच डिस्चार्ज संपतो. जास्त प्रवाहाला क्षमता एकाएकी घटत असेल, तर पहिला संशय या थरावर घ्यावा. तेथे नवा उत्प्रेरक क्वचितच कामाला येतो, प्रवाह कमी करून किंवा डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखा उच्च दाता-अंकाचा (लिथियम आयनांना इलेक्ट्रॉन-जोडी देऊन घट्ट धरणारा) द्रावक घेऊन पाहणे अधिक शहाणपणाचे. त्या द्रावकातही पेरॉक्साइड कालांतराने हायड्रॉक्साइडमध्ये बदलते, तेव्हा नमुना तपासणीविना पडून राहू देऊ नये. टोरॉइड दिसले की श्रेय उत्प्रेरकाला देण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रोलाइटमधील थोडेसे पाणीही ते घडवते, म्हणून कार्ल फिशर पद्धतीने (पाण्याचा अंश मोजणाऱ्या टायट्रेशनने) पाण्याचे प्रमाण प्रयोगाआधी आणि नंतरही मोजावे.

कॅथोडमधील कण एकत्र बांधणाऱ्या पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या बाइंडरवर सुपरऑक्साइड हल्ला करते, हवेत उघडा पडलेला नमुना हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट दाखवतो. या दोन्ही गोष्टी टाळणे अवघड नाही.

चार्जिंगचा व्होल्टेज ४ च्या पलीकडे गेला, तर बहुधा कार्बोनेट साचलेले असते. ते द्रावकातून आले की कार्बन कॅथोडमधून, हे ओळखायचे असल्यास कॅथोड कार्बन-१३ चा (नेहमीच्या कार्बनपेक्षा जड समस्थानिकाचा) बनवावा आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे वस्तुमान तपासावे.