घरच्यांच्या काळजीला उत्तर देत पूर्ण वनस्पतीजन्य आहाराकडे कसं वळावं

मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ सोडणार असं घरी सांगितलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग अंगात ताकद कुठून येणार?" वडील हाडांवर येतात, नाहीतर रक्तावर. यावर हत्ती गवत खाऊनच एवढा होतो, अमुक खेळाडूही हेच खातो, अशी उत्तरं कृपा करून देऊ नका. हत्तीचं पोट वेगळं असतं हे आईलाही कळतं, आणि खेळाडूच्या मागे त्याचा आहारतज्ज्ञ उभा असतो.

त्यांच्या काळजीत तथ्य आहे, हे आधी स्वतः मान्य करा. ब्रिटनमधल्या ईपिक-ऑक्सफर्ड या सुमारे ५५ हजार लोकांच्या पाहणीचे हाडांविषयीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांमध्ये हाड मोडण्याचा धोका मांसाहारींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त दिसला. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी तो काही अंशी स्पष्ट झाला, पूर्ण नाही. तरीही नीट आखलेला असा आहार निरोगी प्रौढाला पुरतो, असं अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेचंही मत आहे. आखणी नीट असेल तरच, ही अट मात्र कायम आहे.

वय १८ च्या आत असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं सुरू असेल, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेहाची औषधं असतील, किंवा पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार होऊन गेला असेल, तर हा लेख वाचून सुरुवात करू नका. आधी डॉक्टर.

घरी बोलणं

एकच प्रश्न विचारा: "तुला नेमकी कशाची भीती वाटते?" आणि उत्तर लिहून घ्या. रक्त, हाडं, वजन, अशक्तपणा, केस गळणं, जे येईल ते. नुसत्या "तब्येत बिघडेल" या वाक्यावर महिनोन्‌महिने वाद होतो; "रक्त कमी होईल" यावर मात्र तपासणी करता येते. नैतिकतेचा मुद्दा या बैठकीत काढू नका. तो काढला की आईला वाटतं, आजवर तिने जे रांधून घातलं त्यालाच नावं ठेवली जाताहेत.

स्वतःचं जेवण स्वतः करा, आणि आठवड्यातून एकदा तेच सगळ्यांसाठी करा. तुम्ही काय खाता हे त्यांनी चाखून पाहिलेलं बरं.

पहिल्या दिवसाआधी रक्ततपासणी

बहुतेक जण चुकतात ते इथेच, आणि ही चूक नंतर सुधारता येत नाही. आहार बदलून सहा महिन्यांनी तपासणी केली आणि लोह कमी निघालं, तर ते आहारामुळे कमी झालं की आधीपासूनच कमी होतं, हे कुणीच सांगू शकत नाही. मग घरात दोष आहाराच्याच माथी जातो. दूध-मांस खाणाऱ्यांमध्येही बी-१२ जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व आणि लोह कमी असलेले खूप जण असतात, म्हणून सुरुवातीचा आकडा हातात हवाच.

चार गोष्टी तपासून घ्या: हिमोग्राम (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), फेरिटिन, बी-१२ आणि २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व. नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. शरीरातला लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं. साठा फेरिटिन दाखवतं. ताप किंवा संसर्ग असताना मात्र फेरिटिन फुगून येतं, त्यामुळे आजारपणात ही तपासणी करू नका. केसांसाठी बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, काही तपासण्या त्यामुळे चुकतात.

बी-१२ ची गोळी तपासणीसाठी रक्त दिल्यानंतर सुरू करा. आधी सुरू केली तर रक्तातला आकडा वर चढतो आणि मूळ स्थिती झाकली जाते. आकडा काठावर असेल तर डॉक्टरांना मिथाइलमॅलॉनिक आम्लाच्या तपासणीविषयी विचारा; पेशींना बी-१२ खरोखर पुरतंय का, हे ती जास्त नेमकं सांगते.

रक्त देऊन झालं की त्याच दिवसापासून गोळी, आणि ती कायमची. यात तडजोड नाही. स्पिरुलिना, समुद्री शैवाल, आंबवलेले पदार्थ, न धुतलेल्या भाज्या यांतून बी-१२ मिळतं असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. स्पिरुलिनामध्ये जे असतं ते बहुतांशी त्याच्यासारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असं संयुग असतं. "मी वर्षभर गोळीशिवाय ठणठणीत आहे" हाही पुरावा धरू नका. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, आणि तो संपेपर्यंत काहीच जाणवत नाही. वनस्पतीजन्य आहारात फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) भरपूर असतं, त्यामुळे रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि आत नसांचं नुकसान सुरू राहतं. ते वेळेत सापडलं नाही तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

मात्रा सोपी आहे: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. प्रौढाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असताना हे आकडे अवाढव्य वाटतात, आणि आई नेमकं तेच विचारेल. कारण असं, की शोषणाची मुख्य वाट एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेते. त्यापुढच्या मात्रेचा साधारण एक टक्काच शरीरात झिरपतो. म्हणून मात्रांमधलं अंतर वाढलं की मात्रा पटीने वाढते. मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील तर शोषण आणखी घटतं. तेव्हा मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

आता अहवाल घेऊन आईवडिलांसोबत बसा. एका कागदावर तारीख, वजन आणि चारही आकडे लिहा. शेजारी तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष असे मोकळे रकाने आखा. कोणता आकडा कुठे आला की काय करायचं, हेही आजच लिहा: वजन ठरवलेल्या मर्यादेखाली गेलं तर खाणं वाढवायचं, फेरिटिन किंवा बी-१२ घसरलं तर डॉक्टरांकडे जायचं आणि ते सांगतील ते करायचं. हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक सर्दी-खोकल्याला "बघ, मी म्हटलं होतं" सुरू होतं. तो कागद फ्रिजच्या दारावर लावा.

आधी ताटात वाढा, मग काढा

पहिले दोन आठवडे काहीच सोडू नका. फक्त डाळी, कडधान्यं आणि सोया रोजच्या जेवणात आणा. मग मांस-मासे, त्यानंतर अंडी, शेवटी दूध. एका रात्रीत सगळं बंद केलं तर ताटात भात आणि भाजी उरते, दोन महिन्यांत चेहरा उतरतो, आणि आईवडील अहवालाआधी चेहराच वाचतात.

वजन का उतरतं? शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळीत साधारण ११५ कॅलरी असतात, बहुतेक भाज्यांत २० ते ४०. तंतूंमुळे पोट लवकर भरतं आणि उष्मांक कमीच जातात. वजन टिकवायचं असेल तर शेंगदाणे, सुकामेवा, तेल आणि धान्य मुद्दाम वाढवा. तेलाला घाबरून केलेला वनस्पतीजन्य आहार सहसा टिकत नाही.

प्रथिनांचा हिशेब दर किलो वजनामागे १ ग्रॅम असा धरा. ६० किलोच्या माणसासाठी एक नमुना: शिजवलेली मसूर २०० ग्रॅम (१८ ग्रॅम प्रथिनं), घट्ट टोफू (सोया पनीर) १५० ग्रॅम (सुमारे २०), सोया दूध २५० मिली (७ ते ८), शेंगदाणे ३० ग्रॅम (७ ते ८), ओट्स ५० ग्रॅम (६). झाले जवळपास ६०, दिवसभरातलं बाकीचं धान्य यात धरलेलंच नाही. धान्य आणि डाळ एकाच घासात हवी असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे. बदामाच्या दुधाला सोया दुधाची जागा देऊ नका. पेलाभर बदाम दुधात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम असतात.

कडधान्यं रात्रभर भिजवा, पाणी फेकून द्या, सुरुवात अर्ध्या वाटीने करा. गॅस दोन-तीन आठवड्यांत कमी होतो. राजमा भिजवल्यावर किमान १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या भांड्यात तो कच्चा टाकला तर त्यातलं विष नष्ट होत नाही आणि उलट्या होतात.

हाडं, रक्त आणि बाकीचं

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. कॅल्शियम मिसळलेलं सोया दूध घ्या (लेबलवर १०० मिलीमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा हवा) आणि पेल्यात ओतण्याआधी खोका जोरात हलवा. खोका कापून तळाशी बोट फिरवून बघा, पांढरा चिकट गाळ लागेल. न हलवलेल्या दुधातलं कॅल्शियम तिथेच बसलेलं असतं. टोफू कॅल्शियम सल्फेटने जमवलेला घ्या. पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे जेमतेम ५ टक्के कॅल्शियम अंगी लागतं.

लोहासाठी डाळीसोबत लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची खा, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. गुलाबी मिठात ते सहसा पुरेसं नसतं आणि दूध सुटल्यावर आयोडीनचा एक मोठा स्रोत गेलेला असतो. ओमेगा-३ मेदासाठी जवस रोज एक मोठा चमचा, पण दळून. अख्खा तसाच बाहेर पडतो. ड जीवनसत्त्व अहवालाप्रमाणे.

थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयाचे पदार्थ तिच्यापासून चार तास दूर ठेवा. वॉरफरिनवर (रक्त पातळ ठेवणारं औषध) असाल तर पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना कळवा.

हातापायांना मुंग्या, जीभ लालसर होऊन झोंबणं, पायऱ्या चढताना नव्याने लागणारी धाप, पाळी चुकणं, यातलं काहीही झालं तर घरच्यांपासून लपवू नका आणि पुढच्या तपासणीची वाटही बघू नका.

तिसऱ्या महिन्यात वजन आणि फेरिटिन पुरेसं आहे; चारही तपासण्या सहाव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. फेरिटिन घसरलं असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या, तो आकडाही त्याच कागदावर लिहा, आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.