डास तोच, पण एकाला टिपका आणि दुसऱ्याला टम्म सूज

डासाची मादी रक्त ओढताना थोडी लाळ कातडीत सोडते. सूज येते ती त्या लाळेतल्या प्रथिनांमुळे: शरीर त्यांना परकं समजून हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतं. हे किती जोरात होईल, ते ज्याच्या-त्याच्या शरीरावर ठरतं. लहान मुलांना ही लाळ नवखी, म्हणून त्यांच्या अंगावर गांधी मोठ्या उठतात. वर्षानुवर्षं डास चावले की बहुतेकांची सूज कमी होत जाते. मात्र दुसऱ्या प्रदेशात राहायला गेलं की तिथल्या डासांची जात वेगळी असू शकते आणि मोठ्या माणसालाही पुन्हा सुजायला लागतं. ‘रक्त गोड’ असण्याशी याचा काही संबंध नाही.

चावलेली जागा साबणानं धुवा. बर्फ फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं धरा. बोट सुजण्याआधीच अंगठी काढा. खाज फार असेल तर मोठ्या माणसानं रात्री सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी 10 मिलिग्रॅम घ्यावी, झोप येते म्हणून गाडी चालवू नये. मुलांचा डोस डॉक्टरांनाच विचारा. नखं कापून ठेवा, कारण खरं नुकसान खाजवण्यानं होतं.

सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारून शेजारी वेळ लिहा. काही तासांतच आलेली, खाजणारी सूज बहुधा ॲलर्जीची असते आणि तिला अँटिबायोटिक लागत नाही. एक-दोन दिवसांनी रेघ ओलांडून पसरणारी, दुखरी, गरम, पू किंवा ताप असलेली सूज संसर्गाची असू शकते. ती डॉक्टरांना दाखवा.

मधमाशी चावली तर काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो. नखानं खरवडा किंवा चिमटीनं उपटा, पण क्षणाचाही वेळ घालवू नका. गांधीलमाशीचा काटा सहसा राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारते. चुना लावू नका, कातडी भाजते.

डंखापासून दूर अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर यांपैकी काही दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप असेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. इथे जीव वाचवतं ते मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सेटिरिझिनवर विसंबून थांबू नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच राहा, त्रास पुन्हा उलटू शकतो.