डोकं मोठं, एमआरआय पांढरा: 'एमएलसी' असलेल्या मुलांबाबत या चुका टाळा

एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरली की मेंदूचा जो आतला भाग गडद दिसायला हवा, तो सगळा पांढरा आणि फुगलेला दिसतो. दोन्ही कानशिलांच्या आत पाण्याच्या पिशव्या. आणि ज्याची ही फिल्म, तो दीड वर्षाचा मुलगा त्याच वेळी खुर्चीला धरून उभा असतो आणि माझ्या टेबलावरचा शिक्का ओढायला बघतो. जनुकीय समुपदेशनाच्या कामात हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याच्या नसा गेल्या का हो?"

या एका प्रश्नातल्या गैरसमजातून पुढच्या बऱ्याच चुका होतात.

चूक: हा 'नसांचा' आजार समजणं

आजाराचं पूर्ण नाव मेगॅलेन्सेफॅलिक ल्युकोएन्सेफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स, म्हणजे मोठा मेंदू, त्याच्या आतल्या पांढऱ्या भागात बिघाड आणि वरच्या थराखाली पाण्याच्या पिशव्या. सगळे एमएलसीच म्हणतात. नेदरलँड्समधल्या डॉ. मार्यो व्हान डर क्नाप यांनी १९९५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. लगेच १९९६ मध्ये मुंबईच्या डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी अग्रवाल समाजातल्या अशाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे या आजाराच्या इतिहासात मुंबईचं नाव अगदी सुरुवातीपासून आहे.

मेंदूत संदेश वाहणाऱ्या चेतापेशी साधारण ८६ अब्ज. त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशीही जवळपास तेवढ्याच. त्या दसपट असतात असं जुन्या पुस्तकांत असायचं, ते मोजणीत टिकलं नाही. या ग्लियांपैकी ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट. त्यांचे पाय रक्तवाहिन्यांना चिकटून असतात आणि घरात मोरीचं जे काम, ते मेंदूत या पायांचं. चेतापेशींनी काम केलं की बाहेर पोटॅशियम साचतं. ॲस्ट्रोसाइट ते शोषून घेतात, त्याबरोबर पाणीही आत येतं, आणि मग ते पुढे सोडून द्यावं लागतं. हे सोडून देणं नीट व्हावं म्हणून त्या पायांवर एमएलसी१ नावाचं प्रथिन लागतं. त्याचं जनुक बिघडलेलं असलं की मोरी तुंबते. पाणी पेशींच्या पायांत आणि चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणाच्या थरांत साचून राहतं. फिल्मवर पांढरं दिसतं ते हे पाणी. तारा तुटलेल्या नसतात, ओल्या भिंतीतून गेलेल्या असतात.

चूक: फिल्म बघून मुलाचं भविष्य सांगणं

एवढी भयंकर फिल्म आणि एवढं बरं मूल, ही विसंगती हीच या आजाराची खूण आहे. तरीही "दोन-तीन वर्षं काढेल" असं सांगितलेले आईबाप माझ्यासमोर बसलेले आहेत. प्रत्यक्षात हा आजार फार सावकाश चालतो. बहुतेक मुलं चालायला लागतात, काही थोडी उशिरा. तोल जाणं आणि पायांचा ताठपणा हळूहळू वाढतो, पुढे शाळेच्या किंवा कॉलेजच्या वयात अनेकांना चाकाची खुर्ची लागते. पण समज आणि बोलणं त्यामानाने बराच काळ टिकतं. म्हणून मुलाला शाळेत घाला. फिजिओथेरपी लवकर सुरू करा. 'याला काय कळतंय' असं त्याच्यासमोर बोलू नका. त्याला कळतं.

चूक: मोठ्या डोक्याकडे दुर्लक्ष, किंवा भलतंच ऑपरेशन

जन्मावेळी डोकं बहुधा नेहमीसारखंच, पस्तीस सेंटिमीटरच्या आसपास असतं. पहिल्या वर्षात ते झपाट्याने वाढतं. "आजोबांवर गेलाय, हुशार होणार" म्हणत घर खूश असतं. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत टेप लावून घेऱ्याचा आकडा कार्डावर लिहून घ्या, हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

दुसऱ्या टोकाला, मोठं डोकं म्हणजे 'डोक्यात पाणी' आणि मग शंटची नळी, अशीही घाई होते. शंट मेंदूच्या पोकळ्यांत साचलेलं पाणी काढतो. इथे पाणी मेंदूच्या गाभ्यात मुरलेलं आहे, ते नळीने निघत नाही.

चूक: 'ल्युकोडिस्ट्रॉफी' एवढ्या निदानावर थांबणं

हा शब्द म्हणजे मेंदूच्या पांढऱ्या भागाच्या अनेक जनुकीय आजारांचं नुसतं आडनाव आहे. मोठं डोकं आणि पांढरी फिल्म याच कुटुंबातल्या कॅनाव्हान आजारातही दिसते, अलेक्झांडर आजारातही. कॅनाव्हानमध्ये लघवीत एनएए नावाचं आम्ल वाढलेलं असतं, साध्या तपासणीत कळतं. अलेक्झांडर आजारही ॲस्ट्रोसाइटचाच, पण तिथे बिघाड बहुधा त्या मुलात नव्याने झालेला असतो, त्यामुळे पुढच्या बाळाला धोका फार कमी. एमएलसीच्या नेहमीच्या प्रकारात तो दर गरोदरपणात २५ टक्के. नाव चुकलं की पुढच्या बाळाचा सल्लाही चुकला.

एमएलसीतही दोन मुख्य वाटा आहेत. बहुतेक मुलांत एमएलसी१ जनुकात दोष सापडतो. नाही सापडला तर ग्लायलकॅम हे दुसरं जनुक तपासावं, ते २०११ मध्ये कळलं. ग्लायलकॅमच्या दोन प्रतींपैकी एकच विशिष्ट तऱ्हेने बिघडलेली असेल तर मूल पुढे चक्क सुधारतं, फिल्मसुद्धा सुधारते. हे कळण्याआधी आईबापांना हात टेकायला सांगणं मला अक्षम्य वाटतं.

चूक: पडणं किरकोळ समजणं

या मुलांना डोक्याला साधा मार लागला तरी फिट येऊ शकते, काही वेळा मूल काही तास ते काही दिवस गुंगीत जातं. एरवी ज्या टेंगळावर बर्फ लावून आपण विसरून जातो, त्याकडे इथे लक्ष ठेवावं लागतं. सायकलवर हेल्मेट, कबड्डी नको, पण मुलाला घरात कोंडूनही ठेवू नका. दप्तरात एक चिठ्ठी असू द्या: आजाराचं नाव, फिटच्या औषधाचं नाव आणि डोस, डॉक्टरांचा फोन. फिट्स बहुधा औषधाने आटोक्यात राहतात. सहा महिने फिट आली नाही म्हणून परस्पर गोळी बंद करू नका.

चूक: आईला दोष देणं, आणि पैसा उधळणं

"ग्रहणात भाजी चिरली असेल." हे मी आईच्या तोंडूनही ऐकलंय, तिला कोणीतरी पटवून दिलेलं. नेहमीच्या प्रकारात बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून आल्यावरच आजार होतो, आणि दोघंही ठणठणीत असतात. "आमच्यात सगोत्र लग्न होत नाही" हेही उत्तर नाही. अग्रवाल समाजात गोत्र टाळूनही एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेला एकच दोष समाजभर पसरलाय. म्हणून त्या समाजातल्या मुलाची आधी तेवढीच एक तपासणी करावी, महागडी मोठी चाचणी नंतर. पण हा आजार कुठल्या जातीचा नाही. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या आपल्याकडच्या घरांतही तो होऊ शकतो.

एका वडिलांनी मुदतठेव मोडून मुलाला स्टेम सेलची इंजेक्शनं दिली. फरक शून्य. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेल फक्त अधिकृत चाचणीतच देता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. बार्सिलोनात उंदरांच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये चांगलं जनुक पोचवून सूज कमी झालेली दिसली आहे. ते काम उंदरांवरचं आहे, विकत मिळणारं औषध नव्हे.

पैसा जनुक तपासणीवर खर्च करा, आणि ती पुढच्या गरोदरपणाच्या आधी करून ठेवा. नेमका दोष हाती असेल तर अकराव्या आठवड्यानंतर वारेच्या तुकड्यावरून बाळाची तपासणी होते. "गर्भाची तपासणी कायद्याने बंद आहे" असं अनेकांना वाटतं. १९९४ च्या कायद्याने लिंग सांगायला बंदी आहे, जनुकीय आजाराच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे. जनुक तपासणीच्या अहवालाची एक प्रत काका, मामा, आत्या, मावशी सगळ्यांना द्या. त्यांच्याही मुलांची लग्नं व्हायची आहेत.