स्थळासाठी फोटो काढायचाय आणि कॅमेऱ्यासमोर अंग आखडतं?

बायोडाटा टाइप होऊन पडलेला असतो आणि फोटोपाशी गाडी अडते. मग कुणाच्या तरी हळदीतला ग्रुप फोटो कापून पाठवला जातो, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. "माझे फोटो चांगले येतच नाहीत" असं म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. पण त्यामागची कारणं बरीचशी साधी आहेत आणि आठवडाभरात त्यांवर काम करता येतं.

पहिलं कारण आरसा. रोज आरशात दिसतो तो आपला उलटा चेहरा. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो, वाकडी भुवई दुसरीकडे वाकते आणि काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 1977 साली हे तपासून पाहिलं. स्वतःचा फोटो निवडताना लोकांचा कल आरशासारख्या उलट्या प्रतीकडे होता, त्यांच्या जवळच्यांचा सरळ प्रतीकडे. म्हणून नावडलेला फोटो फोनमध्ये फ्लिप करून पाहा. लगेच बरा वाटला, तर खटकत होतं ते फक्त अनोळखीपण.

दुसरं कारण अंतर. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. सेल्फी पाहून स्वतःच्या नाकाबद्दल मत बनवू नका. फोन दीड ते दोन मीटरवर ठेवा, मागचा कॅमेरा वापरा आणि 2 एक्स झूम लावा.

याच मांडणीत सात दिवस, रोज दहा मिनिटं सराव करा. फोन डोळ्यांच्या उंचीवर, टायमर 10 सेकंदांचा. खिडकी समोरून थोडी तिरकी, तुमच्यापासून मीटरभर. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, म्हणजे त्या बाजूची सावली हलकी होते. ट्यूबलाइट बंद, नाहीतर दोन प्रकारच्या उजेडात त्वचेचा रंग बिघडतो. रोज वीसेक फोटो काढा, पण पहिले दोन दिवस एकही उघडू नका. प्रत्येक क्लिकनंतर पाहिलं की पुढच्या फोटोत माणूस चेहरा दुरुस्त करायला लागतो आणि तिथेच तो ताठतो.

आता अंगाकडे. सुरुवात पायांपासून करा, चेहरा आपोआप मागून येतो. वजन मागच्या पायावर, खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके, चेहरा समोर. दंड बरगड्यांना चिकटला की दबून जाड दिसतो. कोपर आणि कंबर यांत दोन बोटांची फट ठेवा. हातांचं काय करायचं सुचत नसेल, तर त्यांना काम द्या: पदराचा काठ धरा, घड्याळाचा पट्टा सारखा करा, खुर्चीच्या पाठीवर हात टेका.

सगळ्यात जास्त घोळ मानेचा होतो. बुजलेला माणूस हनुवटी मागे ओढतो आणि बारीक माणसालाही दुहेरी हनुवटी येते. खिडकीतून डोकावताना मान जाते तशी ती दोन-तीन सेंटीमीटर पुढे न्या आणि मग हनुवटी किंचित खाली घ्या. बाजूने हे विचित्र दिसतं, समोरून कळतही नाही. जबड्याची रेघ मात्र स्वच्छ उमटते. जीभ टाळूला टेकवा, दाढा एकमेकींवर दाबू नका. चेहरा फारच आवळला असेल तर घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवा.

हसू धरून ठेवता येत नाही. दोन-तीन सेकंदांत डोळे थकतात आणि नुसते ओठ ताणलेले राहतात. म्हणून "एक, दोन"पर्यंत डोळे मिटून खाली पाहा, श्वास सोडा आणि "तीन"ला नजर वर आणून हसा. पापण्या मिटलेले फोटोही याने खूप कमी होतात.

स्टुडिओत कपडे बदलायला धरून पाऊण तास मागून घ्या. पहिले पंधरा फोटो फक्त सवयीसाठी आहेत, हे फोटोग्राफरला आधीच सांगा. सोबत तुम्हाला खळखळून हसवणारं एकच माणूस न्या. आईबाबांची काळजी खरी असते, पण कॅमेऱ्यामागून आलेल्या "नीट हस ना" या सूचनेने चेहरा मिटतो. त्यांना बाहेर बसायची विनंती करा.

बारीक चौकडीचा शर्ट टाळा, त्यावर लहरी उमटतात. काठपदराच्या निऱ्या खांद्यावर आतून पिन करा आणि जरीचा काठ चमकत असेल तर लाइट थोडा बाजूला घ्यायला सांगा. फ्लॅशमध्ये काही पावडरी आणि सनस्क्रीन पांढरे फटक दिसतात, त्यामुळे लावून एक चाचणी फोटो घ्याच. चष्म्यात लाइट दिसत असेल, तर काड्या कानांवरून किंचित उचला; काचा खाली झुकतात आणि चकाकी जाते. चष्मा रोजचा असेल तर काढू नका.

एडिटिंगआधी स्पष्ट सांगा: "रंग उजळू नका." मुरुम आठवड्यात जातो, तो पुसायला हरकत नाही. तीळ, व्रण आणि तुमचा रंग तसाच राहू द्या. कांदेपोह्यांच्या दिवशी समोरच्याला तुम्हीच भेटणार आहात, आणि गोरा केलेला फोटो पाठवणं हा तुमच्या खऱ्या चेहऱ्यावर अन्याय आहे.

निवड त्याच दिवशी करू नका. दोन दिवस जाऊ द्या, मग दोन मित्रमैत्रिणींना वेगवेगळे विचारून प्रत्येकी तीन फोटो निवडायला सांगा. दोघांच्या यादीत असलेला फोटो तुम्हाला थोडा परका वाटला, तरी तोच पाठवा.