मुलाकडे अमेरिकेला जाताय? मग प्रेअरी गाडीनं बघा

या महिन्यात आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या तिघींनी मला एकच विचारलं: मुलाकडे मिनियापोलिसला चाललोय, तिथून प्रेअरीतून, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतून, साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला गाडीनं जावं का? जरूर जा. आम्ही सहा जण गेलो होतो. मी, हे, मुलगा-सून आणि दोन नाती. यांचे गुडघे दुखतात, धाकट्या नातीला गाडी लागते, तरी सगळं नीट पार पडलं. फक्त एका दिवसात साडेआठशे किलोमीटर उरकायचा हट्ट धरू नका. ‘मधे काय, नुसतं गवत’ असं मुलं म्हणतील. त्या गवतासाठीच तर जायचं आहे.

पहिला मुक्काम सू फॉल्सला करा. चारेक तासांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. आपण माळव्यातली माणसं, सोयाबीन लांबूनच ओळखतो. मातीही आपल्यासारखीच काळी. ती घडवली ती प्रेअरीच्या उंच गवतानं. त्याची मुळं जमिनीत दहा-दहा फूट खोल जातात. पुढे नांगर आला आणि आता त्या उंच गवताच्या प्रेअरीतला चार टक्केही भाग उरलेला नाही. म्हणून लव्हर्न गावाजवळच्या ब्लू माउंड्स स्टेट पार्कला थांबाच. तिथं मूळ गवत राखलंय आणि बायसनचा, म्हणजे अमेरिकी रानगव्यांचा, कळपही आहे. मी खाली उतरून ते गवत हातात धरून पाहिलं. काडी बोरूसारखी कडक आणि बुडाशी लालसर.

दुसऱ्या दिवसाचं सगळं गणित इंटरस्टेट ९० या महामार्गाच्या एक्झिटच्या, म्हणजे खाली उतरायच्या फाट्यांच्या, आकड्यांत आहे. साउथ डकोटात हे आकडे पश्चिम सीमेपासून मोजलेले मैल असतात. सू फॉल्सचा एक्झिट ३९६, बॅडलँड्सजवळच्या वॉल गावाचा ११०. वजाबाकी केली की २८६ मैल, म्हणजे साधारण ४६० किलोमीटर. मोठ्या नातीकडे हे काम दिलं, तर ‘कधी येणार’ हा प्रश्नच बंद झाला. पेट्रोल मात्र चेंबरलेनला, म्हणजे २६३ला, भरूनच पुढे निघा. त्यानंतरचं बऱ्यापैकी गाव मर्डो, तेही १९२ला. आम्ही पाव टाकीवर पुढे गेलो, समोरून वारा लागला आणि मर्डोच्या बऱ्याच अलीकडे लाल दिवा पेटला. एसी बंद करून, हळूहळू चालवत पोचलो. तोवर सूनबाई एक शब्द बोलली नव्हती. फोनची रेंजही मधे मधे जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

चेंबरलेनच्या विश्रांतीस्थळी मिसुरी नदीच्या काठावर ‘डिग्निटी’ हा स्टीलचा पुतळा आहे. २०१६ साली उभारलेला, पन्नास फूट उंच. मूळ रहिवासी स्त्री, आणि तिनं पाठीमागे ताऱ्याच्या नक्षीची गोधडी दोन्ही हातांनी पसरलेली. गोधडीचे निळे तुकडे जवळून बघा. मला आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आठवली आणि मी तिथून लवकर हललेच नाही.

खाण्याचं सांगते. शाकाहारी माणसाचे या पट्ट्यात हाल होतात. मी पातळ पोहे भाजून, दाणे, सुकं खोबरं आणि मीठ घालून डबा भरला होता. वाटेत दही घ्यायचं, कालवायचं, वर इंदुरी जिरावण मसाला आणि शेव. जिरावण इथूनच न्या, पण विमानतळावर कस्टमला खाद्यपदार्थ आहेत हे सांगायला विसरू नका.

उन्हाळ्यात हवामानाला हलक्यात घेऊ नका. तिथल्या हवामान खात्याच्या इशाऱ्यांत ‘वॉच’ म्हणजे वादळाला अनुकूल हवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय, लगेच पक्क्या इमारतीत जा. पुलाखाली गाडी लावून थांबायचं नाही, तिथं वाऱ्याचा जोर वाढतो. मिचेलजवळ आभाळ हिरवट काळं झालं तेव्हा पंपावरच्या बाईंनी आम्हाला आत बसवून घेतलं. सुपारीएवढ्या गारा वीस मिनिटं पडत होत्या.

मर्डोच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. जाताना तास मिळतो, येताना जातो. परतीचं हॉटेल त्या हिशोबानं ठरवा.

बॅडलँड्ससाठी १३१ला उतरून २४० नंबरचा रस्ता धरा, तो थेट वॉलला निघतो. गुडघेवाल्यांसाठी विंडो ट्रेल आणि फॉसिल ट्रेल. दोन्हीकडे लाकडी फळ्यांची वाट आहे, हे काठी टेकत आरामात चालले. पाणी भरपूर घ्या. प्रेअरी डॉग खारीसारखे गोजिरे दिसतात, पण त्यांना खायला घालायचं नाही. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. बायसनपासून चांगलं लांब राहा.

वॉलच्या प्रसिद्ध दुकानात बर्फाचं पाणी फुकट मिळतं, १९३० च्या दशकापासून. आपल्याकडच्या पाणपोईसारखंच. बाटल्या तिथं भरून घ्या.

आणि संध्याकाळी सेज क्रीकच्या कच्च्या रस्त्यावर जा. गाडी कडेला लावा, इंजिन बंद करा, चारही काचा खाली घ्या. मेडोलार्क पक्ष्याची शीळ ऐकू येते, आणि वाऱ्यानं गवत एका बाजूला झुकतं, पुन्हा उभं राहतं. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो होतो. धाकटी माझ्या मांडीवर झोपून गेली.